पटावर नसलेले आवाज

केबल मीच ओढली. 'सुरक्षितपणे काढा' वगैरे सूचना आपल्यासाठी नसतात अशी माझी समजूत होती आणि हार्ड डिस्कनेही ती बरीच वर्षं चालवून घेतली. मग एका रात्री पुन्हा जोडली, तर कॉम्प्युटर म्हणाला, डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा. खाली दोन बटणं. विहिरीच्या काठावर उभं करून 'ढकलू का?' असं अदबीनं विचारावं, तसं.

आत आत्याचं बोलणं होतं. चार वर्षं जमेल तसं तिला बोलतं करून रेकॉर्ड केलेलं. नातलग, त्यांची भांडणं, तिचं शिलाई मशीन. एकदा तर पाऊण तास फक्त हरवलेल्या एका छत्रीबद्दल. सगळं वेव्ह फाइलमध्ये, मिनिटाला साधारण १० एमबी. दुसरी कॉपी का नव्हती, असं सगळेच विचारतात. आळस, दुसरं काय.

नशीब एवढंच की डिस्क टकटक वाजत नव्हती. आतल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे मारतात आणि वाचणारं हेड केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी उंचीवरून त्यांच्यावर तरंगत असतं. ते एकदा तबकडीला घासलं की घरगुती उपाय संपले. माझ्या डिस्कचं यंत्र धड होतं, बिघडलं होतं ते हजेरीपुस्तक. कुठली फाइल कुठे ठेवली आहे, याची नोंद डिस्कच्या एका कोपऱ्यात असते. लिहिणं चालू असताना मी केबल ओढल्यामुळे नेमका तोच कोपरा विस्कटला होता. पट गेला, पण मुलं वर्गात बसलेलीच होती.

अशा वेळी हात आवरणं हेच मुख्य काम. डिस्क दुरुस्त करून देतो म्हणणारी सोय कॉम्प्युटरमध्येच असते, पण ती त्याच डिस्कवर खोडाखोड करते आणि उरलंसुरलंही जाऊ शकतं. म्हणून आधी डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली. हा प्रोग्राम समजूतदार आहे. सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेल्या जागांची टिपणं ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर परत येतो. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतात, आम्ही मात्र पहिल्या अवघड प्रश्नावरच तास घालवला.

मग त्या प्रतीवर फोटोरेक चालवला. नावात फोटो असला तरी तो आवाजही शोधतो. त्याला पटाशी देणंघेणं नाही. तो बाकामागून बाक चेहरे बघत जातो. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला 'आर आय एफ एफ' ही चार अक्षरं असतात, लगेच पुढे लांबीचा आकडा. ती दिसली की उचलली. नाव त्याला माहीत नसतं, म्हणून जिथे सापडली त्या सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या त्या छोट्याशा कप्प्याचा, आकडाच नाव म्हणून देतो. सकाळी उठून पाहिलं, तर 'छत्री' आता 'एफ०४८१५३६' झाली होती. बाक क्रमांक हेच नाव.

तारखा गेल्या होत्या, क्रम गेला होता. ऐकल्याशिवाय कुठली कुठली हे कळायला मार्ग नाही, म्हणून मी ऐकत बसलो. खरं तर पहिल्यांदाच. जपून ठेवलंय म्हटल्यावर ऐकायची घाई कुणाला असते? काही फाइली डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी लिहिलेल्या होत्या. फोटोरेक एका सरळ रेषेत उचलत गेल्यामुळे त्यांत मधेच दुसऱ्याच कशाचा तुकडा घुसला होता. बहुतेक ठिकाणी नुसती कर्कश खरखर. एका ठिकाणी मात्र आत्या "मग मी त्याला म्हटलं" म्हणते आणि पुढचा शब्द वेगळ्याच वर्षातला येतो, सर्दी झालेल्या आवाजात. काय म्हटलं, ते राहिलंच.

मोजल्यावर फाइली जास्त भरल्या. माझ्या आठवणीपेक्षा बऱ्याच जास्त. तेव्हा उमगलं. आपण फाइल पुसतो म्हणजे पटावरून नाव कमी करतो, इतकंच. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती मागच्या बाकावर बसून असते. फोटोरेकला हरवलेलं आणि टाकून दिलेलं यातला फरक कळत नाही. त्यामुळे मी नको म्हणून पुसलेलं सगळं परत आलं. आत्याला मधेच तोडून मी "हे मागे सांगितलंस" म्हणतोय, तेही. किती वेळा म्हणतो मी ते!

त्यातलीच एक अकरा मिनिटांची आहे. सुरुवातीला खुर्ची सरकते. आत्या विचारते, "बंद केलंस ना ते?" मी म्हणतो, "हो, केलं." मला खरंच तसं वाटलं होतं. मग ती जे बोलली, ते रेकॉर्डरला सांगण्यासारखं नव्हतं. त्याच आठवड्यात मी ती फाइल पुसली होती आणि सुटलो असं मानलं होतं.

बाकीच्यांना हळूहळू नावं देतोय. हिच्यापाशी आलो की पुढची उघडतो. पुसायची तर आता नुसतं नाव कमी करून भागणार नाही, त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहावं लागेल, एवढं मला आता कळतं.

परवा आत्याचा फोन आला होता.

"मिळालं का रे माझं बोलणं?"

"मिळालं."

"सगळं?"

"हो, सगळं," मी म्हटलं आणि छत्रीचा विषय काढला.