बापाचा टीबी लेकीला लागलाच नव्हता

टीबीच्या जंतूंचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यांच्या डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणं, हे माझं रोजचं काम, पण ही केस डोक्यातून जात नाही. आधी वडिलांना टीबी झाला, मग मुलीला. घर एकच, त्यामुळे फाइलवर सरळ "घरातून लागण" असं लिहिलेलं, आणि माझ्यामुळेच पोरीला झालं हे वडिलांनी इतकं मनाला लावून घेतलेलं की ते तिच्याशी धड बोलतही नव्हते.

त्या दिवशी दोघांचे सिक्वेन्स शेजारी लावले. वडिलांच्या जंतूत कॅटजी नावाच्या जीनमध्ये 315 नंबरला म्युटेशन (बदल) होतं, म्हणजे आयसोनियाझिड या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा जंतू, आणि मुलीच्या जंतूत ते नाहीच. मग पूर्ण जिनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, जुळवला. हा जिनोम साधारण 44 लाख अक्षरांचा, आणि बदल फार सावकाश होतात, सरासरी दोन वर्षांत एखादा, म्हणून एकाकडून दुसऱ्याला नुकता लागला असेल तर फरक सहसा 5 अक्षरांच्या आत असतो, 12 च्या वर गेला की थेट लागण जवळपास बाद. इथे फरक त्याच्या कितीतरी पट, लाइनेजच, म्हणजे जंतूचं घराणंच, वेगळं! लेबलं बदलली असतील म्हणून कल्चरमधून, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या जंतूंतून, परत डीएनए काढून रन केलं, तरी तेच.

मुलीच्या जंतूचा सिक्वेन्स आधीच्या पेशंटच्या डेटाशी ताडला तर एका भलत्याच बाईच्या जंतूशी फक्त 2 अक्षरांचा फरक. नातं नाही, ओळख नाही. आता कुठे आणि कोणाकडून लागला हे काही सिक्वेन्स सांगत नाही, ते माणसांना विचारूनच कळतं. आमच्या फील्डच्या ताई दोघींकडे परत गेल्या आणि यावेळी घरात कोणाला आहे का असं न विचारता, दिवसभर कुठे असता, शेजारी कोण बसतं, खिडकी उघडी असते का, असं निवांत बसून विचारलं. निघालं काय तर दोघी एकाच शिवणाच्या हॉलमध्ये कामाला होत्या, वेगवेगळ्या वेळी, पण तिथली तिसरी एक बाई पहिल्यापासून तिथेच, महिनोन्‌महिने खोकत, ॲलर्जी समजून औषधं घेत. तिच्या थुंकीतही टीबी सापडला आणि पुढे सिक्वेन्सही जुळला.

तिचे उपचार सुरू झाले, हॉलमधल्या सगळ्यांची तपासणी लागली. वडिलांना ताईंनी घरी जाऊन समजावून सांगितलं, तर ते म्हणे दोनदा विचारत होते, "नक्की ना ताई, माझ्याकडून नाही ना?" नक्की.