विश्वासणाऱ्यांमागून येणारी चिन्हे

बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील सतरावे आणि अठरावे वचन प्रार्थनासभांतून नेहमी ऐकू येते. मात्र त्यातील पाच चिन्हांपैकी सोयीची तीनच आपण आळवतो. भुते काढणे, नव्या भाषा बोलणे आणि दुखणाइतांवर हात ठेवून त्यांना बरे करणे यांवर भरभरून प्रवचने होतात. सर्प उचलणे आणि विष पिऊनही बाधा न होणे यांपाशी आले की वक्ता घाईने पुढे सरकतो.

अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगराळ भागातील काही छोट्या मंडळ्यांनी ही पळवाट घेतली नाही, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी टेनेसीतील जॉर्ज वेंट हेन्सली या उपदेशकाने उपासनेत विषारी साप हाती घेण्याची प्रथा पसरवली, आणि पुढे काही जण स्ट्रिक्निन हे विष मिसळलेले पाणीही पिऊ लागले. आपण देवाची परीक्षा पाहत नसून त्याची आज्ञा पाळतो, आणि तीही पवित्र आत्म्याचा अभिषेक जाणवला तरच, असे ही मंडळी सांगतात. केंटकी राज्याने १९४० मध्ये या प्रथेवर बंदी आणली. खुद्द हेन्सली १९५५ मध्ये फ्लोरिडात सर्पदंशाने मरण पावला.

चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन प्राचीन हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान आठव्या वचनालाच संपते, त्यामुळे पुढचा भाग मूळचा नाहीच, असे म्हणून अनेक जण हा प्रश्न निकालात काढतात. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, कारण दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियसला हा शेवट ठाऊक होता आणि मंडळीने तो शास्त्र म्हणूनच वाचला. अर्थ लावण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

तो अर्थ लावताना मी बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा अठ्ठाविसावा अध्याय उघडतो. जहाज फुटून माल्टाच्या किनाऱ्यावर आलेला प्रेषित पौल पावसात आणि थंडीत शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होता. त्या विस्तवात घालताच उष्णतेने बाहेर आलेला साप त्याच्या हाताला विळखा घालून राहिला आणि त्याने तो आगीत झटकून टाकला. सापाला त्याने बोलावले नव्हते, की कोणाला काही सिद्ध करून दाखवायचे नव्हते. बेटावरील लोकांनी मात्र आधी त्याला खुनी ठरवले, आणि तो सुजला नाही, मेला नाही हे पाहून लगेच देव ठरवले. चिन्ह एकच, निष्कर्ष दोन, आणि दोन्ही चुकीचे! सुवार्तेच्या वाटेवर चाललेल्यांच्या मागून चिन्हे येतात, असे मार्कचे शेवटचे वचनही सांगते. ती पुढे मांडून श्रोते जमवावेत, असे तेथे कोठेही नाही.

आपल्याकडील उदाहरण केडगावचे आहे. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले, त्यात एका मुलीला आपण ज्वाळांनी वेढल्याचे जाणवले आणि तिची सोबतीण त्या ज्वाळा विझवण्यासाठी बादली आणायला धावली, अशी नोंद आहे. पुढे तेथे अन्य भाषांत प्रार्थना होऊ लागल्या. तेथील मिशनरी मिनी एब्रम्स यांनी अन्य भाषांचे हे दान आदराने स्वीकारले, पण प्रत्येकाला ते मिळालेच पाहिजे असा आग्रह धरला नाही. ज्यांच्यात हे घडत होते, त्यांनीच दाखवलेला हा संयम मला आजच्या अनेक जाहीर सभांत दिसत नाही.

आरोग्याच्या बाबतीत तर हा संयम अत्यावश्यक आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे, आणि मला त्यात श्रद्धेला बाधा आणणारे काही दिसत नाही. पौलाने माल्टात बेटाचा मुख्य असलेल्या पुब्ल्याच्या तापाने आजारी बापावर हात ठेवून त्याला बरे केले. त्याच पौलाच्या नावे असलेल्या पत्रांत त्याचा सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला आहे, आणि दुसरा सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून आल्याचा उल्लेखही. इन्सुलिन बंद करा म्हणणाऱ्या उपदेशकापुढे मी ही दोन वचने ठेवतो आणि त्रफिमाचा विश्वास नेमका कोठे कमी पडला, असे विचारतो.