‘ताठ बस’ म्हणून ताठ न होणारी पाठ

माझ्या पाठीला ६८ अंशांचा बाक आहे. छातीमागच्या बारा मणक्यांत थोडा बाक प्रत्येकालाच असतो, साधारण २० ते ४५ अंशांचा, आणि तो हवाच. माझा त्याच्या बराच पलीकडे गेला आहे. हा कोन उभं राहून बाजूने काढलेल्या एक्स-रेवर मोजतात. अमेरिकी अस्थितज्ज्ञ जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते, म्हणून त्याला कॉब कोन म्हणतात.

‘पोक काढू नकोस’ हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. घरी आजोबा सांगायचे, मैदानावर पीटीचे सर. मी मनापासून प्रयत्न करायचो. खांदे मागे जायचे, कंबर आत वळायची, पण मधला उंचवटा जागचा हलायचा नाही. पुढे समजलं की तो हलणं शक्यच नव्हतं. मला शॉयरमान आजार आहे. डेन्मार्कच्या होल्गर शॉयरमान यांनी १९२० मध्ये त्याचं वर्णन केलं. ऐन वाढीच्या वयात मणक्यांची पुढची बाजू मागच्या बाजूइतकी वाढत नाही आणि चौकोनी मणका पाचरीसारखा होतो. लागून असलेले तीन मणके प्रत्येकी ५ अंश किंवा त्याहून जास्त असे तिरके झाले की निदान पक्कं मानतात. हे आळसाने होत नाही, दप्तराने होत नाही. घराण्यात असण्याची शक्यता मात्र असते.

म्हणून मला राग येतो तो सगळ्या वाकलेल्या पाठींना एकच सल्ला देण्याचा. माझ्या भाचीलाही पोक आहे, पण ती पालथी झोपून छाती वर उचलते तेव्हा तिची पाठ सरळ होते. तो सवयीचा बाक आहे. स्नायू बळकट केले की सुधारतो. माझा तसाच राहतो, आणि पुढे वाकलो की बाजूने पाहणाऱ्याला टोकदार कोन दिसतो. घरच्या घरी एवढं पाहता येतं. शंका आली तर अस्थितज्ज्ञांकडे जायचं आणि एक्स-रे काढायचा.

आणि वेळेत जायचं, कारण ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक आधार, उपयोगी पडतो तो हाडांची वाढ चालू असेपर्यंतच. तो दिवसातले बरेच तास घालावा लागतो. त्या वयातल्या मुलाला ते किती जड जातं याची मला कल्पना आहे, तरीही मी पालकांना आग्रहाने सांगतो. खांदे मागे ओढणारे तयार पट्टे वेगळे. त्यांनी तिरका मणका सरळ होत नाही. शस्त्रक्रियेचा विचार साधारणपणे ७५ अंशांच्या पुढे, किंवा न थांबणारं दुखणं आणि वाढत जाणारा बाक असेल तेव्हा होतो.

माझं दुखणं बहुतेक वेळा बाकाच्या खाली, कमरेत असतं. वरचा बाक सावरण्यासाठी कंबर जास्त आत वळते, तिथे ताण येतो. मांडीमागचे स्नायूही आखडलेले असतात. फिजिओथेरपिस्टने पाठीचे आणि पोटाचे व्यायाम दिलेत, शिवाय मांडीमागचं ताणणं. कोन कमी झालेला नाही. दिवस मात्र पुष्कळ बरे जातात.

पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा पाठदुखीबरोबर ताप आणि वजन घटणं असेल तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मणक्याचा क्षयही पाठीला असाच बाक आणतो. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्येच त्याचं वर्णन केलं आहे.

वयस्कर माणसांचं वेगळं. माझी आत्या उतारवयात वाकू लागली, तेव्हा सगळे ‘वय झालं’ म्हणून मोकळे झाले. मी तिची उंची मोजायला लावली. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त कमी भरली. एक्स-रेत मणके दबून मोडलेले निघाले. ती कुठे पडली नव्हती, मोठी कळही आली नव्हती. ठिसूळ हाडांत असे अस्थिभंग अनेकदा गुपचूप होतात, आणि एक झाला की पुढच्याचा धोका वाढतो. मग हाडांच्या घनतेची तपासणी झाली, औषध सुरू झालं. आता कमरेतून वाकून बादली उचलायची नाही, असं तिला बजावलंय, आणि ती ऐकतेही.