बरा आहे

नवा फोन घेऊन महिना झाला. या महिन्यात ‘कसा आहे फोन?’ या प्रश्नाला मी दिलेली उत्तरं ओळीने मांडली तर सरळ उतरण दिसते. पहिल्या दिवशी ‘भन्नाट!’, आठव्या दिवशी ‘मस्त आहे’, पंधराव्या दिवशी ‘चांगला आहे तसा’, आणि आता ‘बरा आहे’. खरं तर त्या ‘तसा’लाच ओळखायला हवं होतं. वाक्याच्या शेवटी ‘तसा’ आला की कौतुकाला गळती लागली असं समजावं.

पण ‘बरा’ हा शब्द वाईट नाही हं. आजारातून उठलेला माणूस बरा असतो. कुणाला तब्येत विचारली आणि तो ‘बरी आहे’ म्हणाला, तर तो समाधान सांगतोय की तक्रार गिळतोय, हे आवाजावरूनच ओळखावं लागतं. मध्यम किमतीचा फोन नेमका तिथेच राहतो, समाधान आणि गिळलेली तक्रार यांच्या मधल्या खोलीत.

घेण्याआधी तीन आठवडे मी अभ्यास केला. माझी ताई याला अभ्यास म्हणत नाही, ‘खूळ’ म्हणते. कॅमेरा ५० मेगापिक्सेल, स्क्रीन १२० हर्ट्झ, बॅटरी ५००० एमएएच, चार्जर ६७ वॉट हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ होतं. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आज महिन्यानंतर यातल्या किती आकड्यांची मला आठवण येते, हे पाहायला बसले आणि जरा ओशाळलेच.

१२० हर्ट्झचं घ्या. साध्या स्क्रीनवर चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, इथे १२० वेळा. म्हणजे एक चित्र १७ मिलिसेकंद टिकायचं, ते आता ८ मिलिसेकंद टिकतं. पहिले दोन दिवस मी नुसती सेटिंग्जची यादी वर-खाली सरकवत बसायचे. वाचायचं काही नाही, फक्त सरकवायचं. लोण्यातून सुरी फिरावी तसं वाटायचं. तिसऱ्या दिवशी ते वाटणं बंद झालं. वेग तोच होता, डोळे सरावले होते. मग काही कामासाठी जुना फोन उघडला, तर त्यातली अक्षरं चिखलातून पाय ओढत चालल्यासारखी दिसली. हाच फोन महिन्यापूर्वीपर्यंत मी चार वर्षं बिनतक्रार वापरत होते. त्या गरिबाला मी उगाचच कमीपणा आणला.

कॅमेऱ्याचं कोडं सुटायला आठवडा गेला. खोक्यावर ५० मेगापिक्सेल, आणि काढलेल्या फोटोची माहिती उघडली तर साडेबारा. मला वाटलं, फसवणूक! पण तसं नव्हतं. सेन्सरवरचे पिक्सेल, म्हणजे प्रकाश टिपणारे ठिपके, इतके बारीक असतात की एकट्याच्या वाट्याला प्रकाश फार थोडा येतो. म्हणून शेजारशेजारच्या चौघांची कमाई एकत्र करून एकच ठिपका बनवतात. अंधारात त्याचा फायदाही होतो. म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा आणि फोटोही खरा, फक्त दोघांची एकमेकांशी ओळख नाही. ५० मेगापिक्सेलचा फोटो हवाच असेल तर तशी वेगळी सोय आहे. ती मी एकदा वापरली, फाइल भलीमोठी झाली आणि फोटोत फरक शोधायला मलाच चष्मा लावावा लागला.

दिवसाउजेडी हा कॅमेरा झकास आहे, ते मोकळ्या मनाने सांगते. रात्री मात्र तो अति उत्साही होतो. माझ्या डोळ्यांना काळंभोर दिसलेलं आकाश फोटोत जांभळट उजळलेलं निघतं. कारण तो एक फोटो काढतच नाही, भराभर पाच-सहा काढून त्यांची गोधडी शिवतो. समोरचं हललं की शिवण चुकते. भाचीचे खेळतानाचे फोटो काढले तर एका फोटोत तिला तीन हात आले. तिला तो फोटो सगळ्यांत आवडला.

मागे आणखी एक कॅमेरा आहे, दोन मेगापिक्सेलचा, अगदी जवळून फोटो काढण्यासाठी. औषधाच्या पाकिटावरची मुंगीच्या पावलांची अक्षरं वाचायला मी तो उत्साहाने उघडला. फोटो इतका धूसर आला की औषध कशावरचं ते कळण्याऐवजी मलाच घ्यावंसं वाटलं. मग मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून फोटो काढला आणि मोठा करून पाहिला, तर तारखेपर्यंत सगळं स्वच्छ. तो दोन मेगापिक्सेलवाला ‘तीन कॅमेरे’ एवढं म्हणता यावं म्हणून घेतलेला आहे. जागा अडवून बसलाय बिचारा.

बॅटरीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. सकाळी भरलेली रात्रीपर्यंत पुरते, वर उरते. चार्ज होताना पहिला अर्धा भाग पाहता पाहता भरतो आणि शेवटचे वीस टक्के जीव खातात. भांडं भरताना आधी तांब्याने भसाभस ओततो आणि काठाशी आलं की धार बारीक करतो, तसंच आहे ते. बॅटरीचा विद्युतदाब वरच्या मर्यादेला पोचला की चार्जर हात आखडता घेतो, नाही तर आतल्या रसायनांना त्रास होतो. काठोकाठ भरून तासन्‌तास ठेवणं आणि उष्णता, या दोन गोष्टी या बॅटरीला सोसत नाहीत. म्हणून फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते. ती मी पहिल्याच आठवड्यात चालू केली. म्हणजे पैसे ५००० एमएएचचे मोजले आणि भागवतेय ४००० वर. का? तर तीन वर्षांनी ४००० तरी शिल्लक राहावी म्हणून! ताईला हा हिशेब समजावून सांगितला तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडे नुसती पाहत राहिली.

बॅटरीवरून एक आठवलं. लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात हे पारितोषिक त्याआधी कुणालाच मिळालं नव्हतं. आता त्यांच्या आडनावाचं मराठी करून पाहा. ‘पुरेसा बरा’! माझ्या फोनला याहून योग्य कुलपुरुष कुठून मिळणार?

तर आकड्यांचं हे असं. जे आकडे पाठ केले त्यांतले बहुतेक चोख निघाले आणि चोख निघाल्यामुळेच विस्मरणात गेले. महिनाभर माझा संबंध आला तो खोक्यावर न छापलेल्या गोष्टींशी.

थरथर ही त्यातली पहिली. फोन थरथरतो तो आत एक इवलीशी मोटर असते म्हणून. महागड्या फोनमधली मोटर वजन सरळ रेषेत मागेपुढे हलवते, त्यामुळे बोटाला हलकीशी टिचकी मारल्यासारखं जाणवतं. माझ्या फोनमध्ये जुन्या पद्धतीची आहे, एका बाजूला वजन लावलेली गरगर फिरणारी. अक्षर टाइप केलं की काडेपेटीत भुंगा कोंडल्यासारखा आवाज येतो. ‘मी पोचले’ एवढा निरोप लिहायचा तर सात-आठ भुंगे. दुसऱ्या दिवशी मी टाइप करतानाची थरथर कायमची बंद केली. फोन आल्यावरची ठेवली आहे, तर टेबलावर ठेवलेला फोन वाजता वाजता फिरायला निघतो. दोनदा काठावरून पकडला.

बोटाच्या ठशाचं त्यामानाने किरकोळ. माझ्या फोनमध्ये तो सेन्सर स्क्रीनच्या पोटात आहे. स्क्रीन स्वतःच तिथे उजेड पाडते आणि खालून बोटाचा फोटो काढला जातो. भांडी घासून आलं की तो मला ओळखत नाही. असू दे, भांडी घासल्यावर मीही स्वतःला ओळखत नाही.

खरी गंमत गालाची. कानाला फोन लावला की स्क्रीन काळी होते आणि बाजूला केला की उजळते, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की त्यासाठी फोनमध्ये वेगळा अवयव असतो हे मला ठाऊकच नव्हतं. वरच्या कडेला न दिसणारा प्रकाश सोडणारा एक बारीक दिवा आणि तो परत येतोय का हे पाहणारा एक डोळा. गाल जवळ आला की प्रकाश उलटून येतो, फोनला कळतं, स्क्रीन झोपते. आता काही फोनमध्ये हा अवयव गाळून टाकतात. त्याऐवजी कानाशी असलेल्या स्पीकरमधून माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि माइकने त्याचा प्रतिध्वनी ऐकून अंदाज बांधतात. थोडक्यात, माझ्या फोनमध्ये वटवाघूळ आहे. आणि ते कानाने जरा मंद आहे.

मंद म्हणजे किती? बोलता बोलता स्क्रीन अचानक जागी होते आणि माझा गाल कामाला लागतो. माझा गाल इतका उद्योगी आहे हे मला या वयात कळलं. त्याने आजवर कॉल होल्डवर टाकला आहे, स्पीकर चालू करून माझं खासगी बोलणं खोलीभर ऐकवलं आहे, आणि एकदा चार हा आकडा अकरा वेळा दाबला आहे. पण त्याचं सगळ्यांत आवडतं बटण म्हणजे माझा आवाज बंद करायचं. मी बोलत राहते, पलीकडे शांतता.

याचा फटका बाबांना बसला. त्यांना फोन केला की काही ना काही वादाचा विषय निघतोच. मी मुद्दा मांडायला लागले की नेमका गाल बटण दाबतो. बाबांना वाटतं, मी रागावून गप्प बसले. मग ते समजुतीच्या सुरात म्हणतात, “बरं, तुझं बरोबर आहे. राहू दे.” गेल्या महिन्यात मी बाबांशी तीन वाद जिंकले. इतकी वर्षं मुद्देसूद बोलून एकही जिंकता आला नव्हता.

१९७३ च्या एप्रिलमध्ये मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाइलवरून पहिला फोन केला. तो फोन किलोभराहून जड होता आणि त्याला आकड्यांची बटणं होती. गाल त्यावर कितीही टेकला तरी वाद जिंकणं शक्य नव्हतं.

दुकानात फोन घेताना आपण काय करतो? स्क्रीन सरकवतो, कॅमेरा उघडून समोरच्या भिंतीचा फोटो काढतो, वजन तोलल्यासारखं हातात धरतो. कानाला लावून कुणी पाहत नाही. फोन म्हणून विकत घेतोय आणि फोन करून पाहत नाही! बनवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. त्याचीही थैली ठरलेली. त्याने स्क्रीनवर आणि मेगापिक्सेलवर सढळ हाताने खर्च केला आणि काटकसर केली ती थरथरीवर आणि त्या इवल्या डोळ्यावर, म्हणजे मी ज्याबद्दल कधीच विचारणार नव्हते त्यावर. चिडावं म्हटलं तर तीन आठवडे आकडे पाठ करणारी मीच होते. त्याने मला हवं तेच दिलं.

रॅमचं, म्हणजे चालू ॲप्स धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या जागेचं, मात्र मला अजून पटलेलं नाही. खोक्यावर ‘८ + ८ जीबी’ असं छापलंय. पहिले आठ खरे. दुसरे आठ फोनच्या साठवणुकीच्या जागेतून उसने घेतलेले, आणि ती जागा रॅमपेक्षा कितीतरी संथ. शेजारच्याची गाडी आपल्या दारात उभी करून दोन गाड्या आहेत म्हणण्यासारखं आहे हे. शिवाय एवढी सोळा दाखवूनही फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप्स गुपचूप मिटतो, त्यामुळे सकाळपासूनचे निरोप कधीकधी दुपारी एकदम धबाधब कोसळतात.

विसाव्या दिवशी स्क्रीनवर पहिला ओरखडा दिसला. मी किल्ल्या कटाक्षाने दुसऱ्या खिशात ठेवत आले होते. नंतर वाचलं की किल्लीचा धातू सहसा या काचेपेक्षा मऊच असतो. ओरखडा उठतो तो वाळूच्या कणाने. वाळूतला क्वार्ट्‌झ काठिण्याच्या मोजपट्टीवर ७ वर बसतो आणि फोनची काच ६ च्या आसपासच चरे घ्यायला लागते. ज्या खिशात किल्ल्या नव्हत्या, त्यात धूळ होती.

मधे एक अपडेट आलं. त्यानंतर वटवाघळाचे कान थोडे सुधारले. गाल आता आठवड्यातून दोनदाच कामावर येतो. काल ताईचा फोन आला तेव्हा त्याचा सुट्टीचा दिवस असावा असं मी धरून चालले होते.

“मलाही फोन बदलायचाय,” ताई म्हणाली. “तुझा कसा आहे?”

“बरा आहे.”

“बरा म्हणजे? घेऊ की नको?”

असं विचारल्यावर मला राहवेना. मी बसून नीट सांगितलं. कॅमेऱ्यातले चौघे, काठाशी बारीक होणारी धार, काडेपेटीतला भुंगा, उसने आठ. बाजू घेऊनही बोलले, दोषही दाखवले. पाचेक मिनिटं तरी बोलले असेन. ताई मधे एकदाही बोलली नाही, म्हणून मला वाटलं की पहिल्यांदाच मन लावून ऐकतेय. फोन कानापासून दूर केला तर स्क्रीनवर माइकचं चित्र, त्यावर तिरपी रेघ, आणि खाली ताईचा निरोप येऊन पडलेला होता.

‘कळलं. दुसरा बघते.’