तुम्ही विचारलंत म्हणून

दारव्ह्याकडे आलो की पारावर, लग्नाच्या मांडवात, एकच प्रश्न: "विमान खाली येत होतं तं तू बोलला काहून नाही?" त्या दिवशी माझी काकू मागं बसली होती, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून एकदाचं सांगतो.

नागपूर-दिल्ली विमान, मी सहवैमानिक, ३५,००० फूट. केबिनमधली हवा विरळ होतेय, हे सांगणारा इशारा वाजला. त्या उंचीवर मास्कशिवाय माणूस भानावर राहतो जेमतेम अर्धा ते एक मिनिट. म्हणून आधी आपला मास्क. २००५ मध्ये हेलिओस या विमान कंपनीच्या वैमानिकांना हाच भोंगा दुसऱ्या कशाचा तरी वाटला, आणि ग्रीसमध्ये १२१ जीव गेले.

कॅप्टननी विमान खाली घातलं. रेडिओ माझ्याकडे. ट्रान्सपॉन्डरवर ७७००, म्हणजे जमिनीवरच्या कंट्रोलरला रडारवर दिसणारी आणीबाणीची खूण, मग "मेडे, मेडे, मेडे, इमर्जन्सी डिसेंट, १०,००० फूट." इथं परवानगी मागत नाहीत, नुसतं कळवतात. खालची विमानं बाजूला काढणं कंट्रोलरचं काम, आणि तो ते करत असल्याचं मला कानात ऐकू येत होतं. चार-पाच मिनिटं मास्कमधला माझाच श्वास आणि त्याचा आवाज. १०,००० ला सपाट झाल्यावर त्यानं विचारलं, विमानात माणसं किती? मी आकडा सांगितला. त्यातली एक काकू आहे, हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

तिच्यासमोर पिवळा मास्क लोंबत होता. हात लावावा की नाही, तिला कळेना. तो ओढल्याशिवाय ऑक्सिजन सुरू होत नाही. शेजारच्या पोरानं ओढून तिच्या तोंडाला लावला.

आधी विमान सांभाळा, मग दिशा, मग बोला. वर्षभर मी सगळ्यांना हेच ऐकवलं, अन् उतरतानाच्या त्या मिनिटांपुरतं आजही हेच म्हणेन. पण भोपाळला उतरायचं ठरल्यावर घोषणा मीच केली. इंग्रजीत, मग हिंदीत. नागपूरहून निघालेल्या विमानात मराठीची दोन वाक्यं बोलायला कुठला नियम आडवा येत होता? चेकलिस्ट बाकी होती, हे खरं. सुचलंच नाही, हेही खरं.

काकूनं मला कधी जाब विचारला नाही. भोपाळला उतरल्यावर एवढंच म्हणाली, "तुहा आवाज ओयखला म्या. पन कानाले दडे बसले होते, काय म्हनत होता ते समजलं नाही."