पहिलटकरणीची रात्र

बाळंतिणीनं लिहू-वाचू नये, डोळ्यांवर ताण येतो, असं आजीनं बजावून ठेवलंय. म्हणून दुपारी सगळे आडवे झाल्यावर लिहायला बसले आहे. बाहेर नवतपा पेटलाय, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर आहे आणि लेक शेजारी मुठी मिटून झोपली आहे.

फोन करणारा प्रत्येक जण आधी विचारतो, नॉर्मल झाली की सिझर? मग वजन किती, मग कोणावर गेली. त्या रात्री काय झालं हे कोणी विचारत नाही आणि मला तर तेच सांगायचंय. आठवण ताजी आहे तोवर लिहून ठेवते.

संध्याकाळपासून कंबर भरून येत होती. पाळीत दुखते तशीच, पण येऊन जाणारी. आईनं चहा दिला आणि म्हणाली, "चालून पाह्य बरं थोडी. खोट्या असतील तर बसून जातील." मी गच्चीवर चालले, पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडून पाहिलं. खोट्या कळा अशानं विरून जातात. माझ्या विरल्या नाहीत, उलट लांबत गेल्या आणि कमरेतून पोटाकडे वळायला लागल्या. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत घड्याळ लावायचं, एवढं मी तपासणीच्या वेळी विचारून घेतलं होतं. अंतर पाच मिनिटांवर आलं तेव्हा बाबांनी गाडी काढली. नवरा पुण्याहून मिळेल त्या ट्रॅव्हल्सनं निघाला होता. तो पोचला तेव्हा लेक जगात आलेली होती.

मानेवाड्याहून तुकडोजी पुतळा, पुढे मेडिकल चौक. नागपुरातला माझा लहानपणापासूनचा रस्ता. कळ चालू असताना स्पीडब्रेकर आला की मी बाबांच्या सीटची पाठ धरायचे आणि बाबा, जन्मभर घाईनं गाडी चालवणारा माणूस, गाडी जवळजवळ थांबवून त्यावरून उतरवायचे.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. रात्रपाळीच्या डॉक्टर आल्या, एक शब्दही न बोलता आतून तपासलं, सिस्टरकडे बघून "तीन" म्हणाल्या आणि हातमोजे काढून निघून गेल्या. माझे पाय अजून थरथरत होते. तीन म्हणजे काय? चांगलं की वाईट? बाळ ठीक आहे का? मला फार लागलं ते. दुखलं त्याहून जास्त लागलं. त्यांच्यावर त्या रात्री किती बायकांचा भार असेल, ते मी समजू शकते. पण "आता तपासते हं, थोडं दुखेल" एवढं म्हणायला लागतो किती वेळ? शरीर माझं होतं, आत काय चाललंय ते कळायला हवं होतं ते मला.

ते सांगितलं सिस्टरनं. वयानं मोठ्या, केस पांढरे व्हायला लागलेले. त्यांनी आधी माझ्या पायांवर चादर ओढली, मग स्टूल ओढून बसल्या. "पहिलटकरीण ना तू? आइक. पिशवीचं तोंड उघडून राहिलं. आता तीन सेंटिमीटर हाये, दहा व्हायचं हाये. पहिल्या खेपेला पाच-सहापर्यंत खूप वेळ लागते, मग भराभर होते. म्हणून आता ताकद घालवू नको."

बस, एवढंच. कळ तेवढीच होती, पण माझे आवळलेले खांदे खाली आले. पुढच्या कळेला मी पहिल्यांदा श्वास सोडू शकले.

मग रात्रभर त्या सांगत राहिल्या. बाळाचे ठोके ऐकवले. घोडा दौडावा तसा आवाज. मिनिटाला ११० ते १६० च्या मधे असले की ठीक, कळ भरात असताना कधी थोडे उतरतात आणि कळ ओसरली की परत चढतात, हे त्यांनी मशीनवर बोट ठेवून दाखवलं. पाणी गेलं तेव्हा रंग बघितला आणि म्हणाल्या, "साफ हाये. हिरवं असतं तर डॉक्टरला लगेच बोलावलं असतं." म्हणजे मला वाईट काय असू शकतं तेही कळलं आणि ते झालेलं नाही तेही. लपवून ठेवलेल्या धीरापेक्षा हा धीर फार मोलाचा होता.

आईला सुरुवातीला बाहेरच बसवलं होतं. सिस्टरनीच तिला आत बोलावून घेतलं. सरकारी दवाखान्यांत तर २०१६ पासून प्रसूतीच्या वेळी एका नात्यातल्या बाईला सोबत थांबू द्यायला केंद्र सरकारनं मान्यता दिली आहे, आणि बाईला हवं ते माणूस तिच्याजवळ असावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तरी कितीतरी बायका त्या खोलीत एकट्या असतात. आईनं काही विशेष केलं नाही. तळहातानं कमरेच्या खालच्या हाडावर दाबून धरायची, कळ संपली की सोडायची. तो दाब नसता तर माझं काय झालं असतं, माहीत नाही.

कळांचं दुखणं कमी करणाऱ्या कमरेतल्या इंजेक्शनबद्दलही मला विचारलं होतं. मी घेतलं नाही, पण त्याचा मला अभिमान वगैरे अजिबात नाही. जिला हवं असेल तिला ते मिळावं. आणि माझ्या मावसबहिणीचं सिझर झालं, तिनं माझ्याहून कमी सोसलं असं जे बोलतात त्यांनी तिचा पहिला आठवडा बघायला हवा होता. पोटाला टाके असताना ती कॉटवरून कशी उठायची, ते मी बघितलंय.

पहाटेच्या आधीची एक गोष्ट मात्र मी नीट लिहिणार. कळा एकीवर एक यायला लागल्या होत्या, मधे दमच नाही. सिस्टर कानाशी येऊन म्हणाल्या, "आता थोड्या वेळानं अंग थरथर कापेल. उलटी होईल. तुला वाटेल आता नाही होत माझ्यानं, घरी जाते. असं वाटलं की समजायचं, जवळ आलं." आणि खरंच, दात वाजायला लागले. ताप नाही, थंडी नाही, मे महिन्यातली रात्र, आणि मांड्या अशा कापत होत्या की कॉट हलत होती. चहा उलटून पडला. मी आईला म्हटलं, "मला नाही जमत, घरी चल." माझेच शब्द माझ्या कानावर पडले आणि कळलं, अरे, हेच ते! हेच तर त्या म्हणाल्या होत्या. जवळ आलं! त्या क्षणी माझी भीती गेली. कोणी आधी सांगितलं नसतं तर मी त्या थरथरीला मरण समजले असते.

दहा झाले. तोवर डॉक्टरही आल्या होत्या. सिस्टर सांगत होत्या, "संडासला जोर लावते तसा लाव, गळ्यातून ओरडू नको, ताकद खाली ने." मी जोर लावायचे, डोकं पुढे यायचं आणि कळ गेली की मागे सरकायचं. "पुढं येते, मागं जाते, तसंच असते ते. जागा करून राहिली ती." मग त्यांनी माझा हात धरून खाली नेला. ओलं, गरम, मऊ, सुरकुतलेलं काहीतरी, त्यावर केस. माझ्या बोटांना माझ्या लेकीचे केस लागले, ती अजून जन्मायची होती. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

शेवटी "आता जोर नको, फुंकर मार, फुंकर" असं त्या म्हणाल्या. जळजळीत ताण, आणि मग एकदम सगळं अंग सैल. ती माझ्या छातीवर होती, पांढऱ्या लेपानं माखलेली, निळसर, आणि बघता बघता गुलाबी झाली. नाळ लगेच कापली नाही, थोडा वेळ थांबले. तिच्यातलं रक्त बाळाला मिळतं म्हणे, पुढे लोहाला उपयोगी पडतं. मांडीत एक इंजेक्शन दिलं, वार पडली, थोडे टाके पडले. दोन किलो आठशे. तासाभराच्या आत तिला पाजलं. पिवळसर, दाट, चमच्याभराइतका चीक. पूर्वी तो पिळून टाकायचे, आजीनं स्वतः टाकलेला आहे. सिस्टरनं तिलाही शांतपणे समजावलं आणि आजीनं ऐकलं.

घरी आल्यावरच्या गोष्टीही कोणी बोलत नाही. बाळ प्यायला लागलं की पोटात पुन्हा कळ उठते, पिशवी आकसत असते म्हणून. दूध उतरलं त्या दिवशी मी काही कारण नसताना दिवसभर रडले. बाळाचं वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतं, बहुतेक सगळ्यांचंच उतरतं, हे माहीत नसतं तर मी स्वतःच्या दुधाला दोष देत बसले असते. शेक-शेगडीवरून आजीशी वाद झाला. पंचेचाळीसच्या उन्हात शेगडी नको म्हणून मी अडून बसले, शेवटी तेल-मालीश आणि गरम पाण्यावर तडजोड झाली. अळिवाची खीर मात्र आवडीनं खाते आहे.

काल आई लसूण सोलत बसली होती. मी तिला ते थरथरीचं पुन्हा सांगत होते. तिचा हात थांबला. "मलाही सुटली होती तुझ्या वेळेस," ती म्हणाली. "मला वाटलं मी मरून राहिली. देवाचं नाव घेतलं अन् डोळे मिटले. आजवर कोणाला बोलली नाही, वाटायचं माझंच काही तरी बिघडलं होतं."

माझ्या वयाइतकी वर्षं आईनं हे मनात ठेवलं होतं. मी म्हटलं, काही बिघडलं नव्हतं गं, पुष्कळ जणींना होतं, तू अगदी जवळ पोचली होतीस. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग एकामागून एक विचारायला लागली. नाळ का नाही कापली लगेच? वार म्हणजे नेमकं काय असते, तुला दाखवली का? अन् ते ठोके कमी होतात तेव्हा बाळाला त्रास होते का? मी कागद घेतला, पिशवीचं चित्र काढलं, तोंड कुठे, बाळाचं डोकं कुठे, वार कुठे चिकटलेली, सगळं दाखवलं. वारेपर्यंत पोचलो तोच लेक उठली. आईनं कागद घडी घालून फळीवर ठेवला आहे, उरलेलं आज संध्याकाळी सांगायचंय.