ताट वेगळं ठेवायचं का?

डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, औषधांची पिशवी भरली जाते, रिक्षा दाराशी येते आणि मग नातेवाइकांपैकी कुणीतरी एक मागे रेंगाळतं. आवाज खाली आणून विचारतं, "सिस्टर, घरी त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवायचं का? आम्हाला होणार नाही ना?" एचआयव्हीच्या पेशंटची घरी शुश्रूषा करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न असतो. वॉर्डात त्याला उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर द्यावं लागतं. तुम्ही विचारलंत म्हणून इथे जरा सविस्तर.

ताट वेगळं नको. पेला, चादर, बादली, संडास, काहीच वेगळं नको. हा विषाणू लागण होण्याइतक्या प्रमाणात रक्त, वीर्य, योनिस्राव आणि आईचं दूध यांतच असतो, आणि तोही दुसऱ्याच्या शरीरात आत शिरावा लागतो: निरोध न वापरता झालेल्या संबंधातून, सुईतून, दूषित रक्तातून, किंवा आईकडून बाळाला. लाळ, घाम, अश्रू, लघवी, शी यांत रक्त दिसत नसेल तर त्यांतून एचआयव्ही होत नाही. डास चावून होत नाही. अंग पुसताना, केस विंचरताना, घास भरवताना होत नाही. ब्लेड, रेझर आणि दात घासायचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा असावा. तो तर सगळ्याच घरांत असायला हवा.

शी-लघवीची भांडी, चिघळलेली जखम किंवा पाळीचं रक्त हाताळताना ग्लोव्हज घाला. ताप बघायला, पाठ चोळायला ग्लोव्हज घालू नका. गरज तर नसतेच, वर पेशंटला ते लगेच कळतं.

रक्त सांडलं तर काय करायचं ते नीट समजून घ्या, कारण चुका इथेच होतात. समजा घोळणा फुटला आणि फरशीवर रक्त पडलं. ग्लोव्हज घाला, नसतील तर भोक नसलेली प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. रक्तावर जुनं कापड किंवा वर्तमानपत्र टाका, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइटचं (ब्लीचचं) द्रावण ओता आणि २० ते ३० मिनिटं हात लावू नका. मग कागद गोळा करून पिशवीत बांधा, फरशी नेहमीसारखी पुसा, हात साबणाने धुवा. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक भाग औषधाला चार भाग पाणी. लोक सकाळी एकदाच बादलीभर द्रावण करतात आणि दोन दिवस वापरतात. त्याचा जोर तोवर उडालेला असतो, म्हणून रोज ताजं करा. उघड्या पुडीतल्या, गुठळ्या झालेल्या ब्लीचिंग पावडरचंही तेच. संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आणि ते अंगाला, हाताला चोळायचं औषध नव्हे. रक्ताचे कपडे आधी थंड पाण्यात काढा (गरम पाण्याने डाग बसतो), मग नेहमीचा साबण आणि ऊन.

घरी इंजेक्शनं चालू असतील तर वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. बरीच टोचाटोची त्या टोपणापायीच होते. सुई सरळ जाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीत टाका आणि बाटली भरत आली की दवाखान्यात परत द्या. तरीही टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा हळद लावू नका. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई १००० वेळा टोचली तर साधारण ३ वेळा लागण होते, आणि पेशंटचं औषध नीट चालू असेल तर त्याहूनही कमी. पण म्हणून घरी बसू नका. सरकारी रुग्णालयात पीईपीच्या, म्हणजे धोका घडल्यावर लागण टाळायला घ्यायच्या, गोळ्या मिळतात. पहिला डोस शक्यतो २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, मग २८ दिवस रोज. खरं तर त्याच सुईतून हिपॅटायटिस-बी (यकृताचा विषाणूजन्य आजार) होण्याचा धोका कितीतरी जास्त आहे. त्यावर तीन डोसची लस आहे, ती मात्र कुणी आपणहून विचारत नाही.

ताट वेगळं आणि खोलीची खिडकी बंद, असं अनेक घरांत असतं. अगदी उलटं हवं. पेशंटकडून घरच्यांना खरंच काही लागू शकत असेल तर तो टीबी, आणि तो हवेतून पसरतो. एचआयव्ही असलेल्या माणसात आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळणारा संधिसाधू, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाल्याची संधी साधणारा, आजारही तोच. म्हणून चार गोष्टी रोज विचारा: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घामाने कपडे भिजतात का. एकाचंही उत्तर हो आलं तर थुंकी तपासायची. इथे दोन आठवड्यांच्या खोकल्याची वाट बघत नाहीत. निदान होईपर्यंत खिडक्या उघड्या आणि खोकणाऱ्याच्या तोंडावर मास्क.

चेहऱ्यावरून एचआयव्ही ओळखता येतो का, हे ओघाने विचारलं जातंच. नाही. लागण झाल्यावर २ ते ४ आठवड्यांत काहींना ताप, घसा, अंगावर पुरळ, मानेत गाठी असं होतं आणि आपोआप जातं. सगळे त्याला व्हायरल म्हणून सोडून देतात. त्या दिवसांत रॅपिड टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून धोका घडला असेल तर ३ महिन्यांनी पुन्हा तपासतात. पुढे कित्येक वर्षं काहीच नसतं. नंतर महिनाभर न थांबणारे जुलाब, विनाकारण उतरणारं वजन, तरुण वयात उठलेली नागीण, जिभेवर आणि टाळूवर दह्यासारखे पांढरे थर. हे थर खरवडले तर निघतात आणि खाली लालभडक दिसतं.

जिना चढताना धाप आणि कोरडा खोकला, गोळीने न थांबणारी डोकेदुखी आणि उलट्या, नजरेसमोर ठिपके तरंगणं किंवा धूसर दिसणं, यांतलं काही असेल तर दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीची वाट नको, त्याच दिवशी दवाखाना.

एचआयव्हीचं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप चढला किंवा गाठी सुजल्या तर घरचे म्हणतात, "गोळी उष्ण पडली," आणि बंद करतात. होतं असं की प्रतिकारशक्ती जागी होऊन आत दडलेल्या जंतूशी झुंजायला लागते. डॉक्टरांना दाखवा, गोळी मनाने थांबवू नका. बहुतेक प्रौढांना टीएलडीची (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकत्र) दिवसाला एकच गोळी असते आणि ती एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, मोफत मिळते. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध तिच्या जोडीला देऊ नका, गोळी पोटात नीट शोषली जात नाही. गोळी त्या औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरचा जादा डोस १२ तासांनी लागतो, म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्हीकडची औषधं सांगा. एखादा डोस राहिला तर आठवेल तेव्हा घ्यायचा, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाहीत. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ६ आणि १२ महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासतात. विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. ताटाच्या सोवळ्याने जे साधत नाही ते ही गोळी करते.

घरात बाळंतीण असेल तर तिचं औषध चालू ठेवून, बाळाला किमान ६ आठवडे सांगितलेलं सिरप देऊन, पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध पाजता येतं. मध्येच घुटी, मध, वरचं दूध नको. त्याने बाळाच्या आतड्याचं अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते.

शेजारच्यांना सांगायचं का, हे पेशंटने ठरवायचं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही, कॉटवर पाटी लावणंही त्यातच आलं. शंका असेल तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन लावा, पैसे पडत नाहीत.

ताटाचं विचारलंत, तर ताटात काय वाढायचं तेही सांगते. तोंड आलेलं असेल तर तिखट, आंबट आणि गरमागरम बाजूला ठेवा. मऊ भात, पातळ वरण, तूप, उकडलेला बटाटा, केळं, पूर्ण शिजलेलं अंडं, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. पाणी उकळून गार केलेलं. जुलाब असतील तर त्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्याचा नव्हे.